पंडित खरे आणि समूहगायनाचा धर्म

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक अगदी लहानसा प्रसंग घडला. आमची नात शाळेतून आली ती समूहगीताच्या स्पर्धेची वार्ता घेऊनच. तीन आठवडे तालीम चाललेली, पोशाख ठरलेला, पेटीवर कोण आणि तबल्यावर कोण हेही निश्चित झालेले. हे सारे सांगून झाल्यावर ती हसत हसत म्हणाली, "आजोबा, माझ्या शेजारी जी मैत्रीण उभी राहते ना, तिला बाईंनी सांगितलं, तू मागच्या रांगेत जा आणि नुसते ओठ हलव." सूनबाईही हसल्या. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण हेच वाक्य शब्दशः आमच्या तोंडून एकदा गेलेले आहे.

त्यास आता तीस वर्षे होऊन गेली. ज्या शाळेत आम्ही तेव्हा शिकवीत होतो, तेथील प्रातःप्रार्थनेची व्यवस्था आमच्याकडे होती. संस्कृत शिकविणाऱ्यास गाणेही येत असले पाहिजे, अशी एक समजूत शाळांतून असतेच. वार्षिक समारंभास कोणी मोठे पाहुणे यावयाचे होते आणि प्रार्थना निर्दोष व्हावी अशी आम्हांस चिंता लागली होती. मुलांमध्ये तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्या वयात मुलाचा आवाज फुटू लागतो, वरचा स्वर गाठावयास जावे तो कंठ दगा देतो. या मुलाचे तसेच झाले होते; पण त्याचा उत्साह सर्वांहून अधिक. आम्ही त्यास जवळ बोलावून सांगितले, "उद्यापासून तू नुसते ओठ हलव." तो "बरे, सर" म्हणाला आणि शाळा सोडीपर्यंत त्याने ती आज्ञा पाळली. समारंभ उत्तम पार पडला. पाहुण्यांनी प्रार्थनेची प्रशंसा केली, आणि ती आम्ही आनंदाने स्वीकारली.

पुढे तो विद्यार्थी मोठा झाला, येथल्याच एका कारखान्यात चांगल्या पदास चढला. चार वर्षांपूर्वी गणेशचतुर्थीस त्याने आम्हांस घरी बोलाविले. आरतीस सारे घर जमले होते. मुले, लेकीसुना, शेजारीपाजारी खुल्या कंठाने म्हणत होते. आमचा विद्यार्थी हातात झांज घेऊन अगदी तालात ती वाजवीत उभा होता. त्याचे ओठ हलत होते. आवाज मात्र निघत नव्हता. आम्ही काही विचारले नाही. विचारावयाचे धैर्य झाले नाही, हे म्हणणे अधिक खरे.

नातीच्या त्या बोलण्याने हे सारे पुन्हा जागे झाले, आणि मनास समाधान पडेना म्हणून आम्ही एका माणसाचे चरित्र नव्याने धुंडाळू लागलो. ज्यांस गाता येत नाही अशांकडून गाऊन घेणे हेच ज्याने आपले आयुष्याचे कार्य मानले, असा एक उत्तम गवई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे नाव पंडित नारायण मोरेश्वर खरे. नव्या पिढीस हे नाव फारसे ठाऊक नसावे. म्हणून या महिन्याचे लिखाण त्यांच्याविषयी.

पंडितजींची परंपरा सांगावयाची तर आरंभ त्यांच्या गुरूंपासून करावा लागतो. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडास झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने मुलाची दृष्टी अधू झाली आणि पुस्तकी विद्येचा मार्ग खुंटला, तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गायनाचे अध्ययन सुरू झाले. त्या काळी गवयाची कला राजेरजवाड्यांस हवी असे, पण गवई माणसास चारचौघांत मान नसे. ही गोष्ट विष्णुबुवांच्या मनास फार लागली. १८९६ साली ते मिरज सोडून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी दूर लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करून तुकड्यातुकड्यांनी मिळावयाची ती विद्या येथे इयत्तांनी, क्रमिक पुस्तकांनी आणि स्वरलेखनाने शिकविली जाऊ लागली. कुलीन घरच्या मुलींसही तिचे दार उघडले. १९०८ साली महाविद्यालय मुंबईस आले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही त्याच विद्यालयाची फळे. पुण्याचे गांधर्व महाविद्यालय विनायकरावांनी १९३२ साली काढले, हे आमच्या पुणेकर वाचकांस सांगावयास नकोच.

या नामांकित शिष्यांपैकी बहुतेकांनी मैफली गाजविल्या. खरे यांची तयारीही त्याच तोलाची होती. पण त्यांच्या वाट्यास निराळेच काम आले. महात्मा गांधींनी १९१५ साली अहमदाबादेस सत्याग्रहाश्रम काढला आणि १९१७ साली तो साबरमतीच्या काठी नेला. आश्रमात दोन वेळा प्रार्थना होई आणि त्या प्रार्थनेस सूर हवा, असे गांधीजींस वाटू लागले. त्यांनी विष्णुबुवांकडे माणूस मागितला. बुवांनी खरे यांस पाठविले. ही १९१८ च्या सुमाराची गोष्ट. तेथून मरेपर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, पंडितजींची गादी म्हणजे आश्रमाच्या प्रार्थनाभूमीवरील वाळू.

त्यांच्यापुढे कोण बसत असे, याचा विचार करावा. पहाटे चारच्या सुमारास उठून आलेले, झोप पुरती न गेलेले लोक. सूत कातणारे, भंगीकाम करणारे, गोठा सांभाळणारे. गुजराती, मराठी, तामीळ, हिंदी बोलणारे. वृद्ध विधवा आणि खेळकर पोरे. मधूनमधून एखादा युरोपियन. यांतील कोणासही कंठ तपासून आश्रमात घेतलेले नव्हते. स्वतः गांधीजी गवई नव्हते. अशा शंभर-दीडशे कंठांतून संध्याकाळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाचे श्लोक, पहाटेचे संस्कृत स्तोत्रपाठ, मग एक भजन आणि शेवटी रामनामाची धून, हे सारे एका सुरात निघावयाचे होते. ज्यांनी शाळेत चाळीस मुलांची प्रार्थना घेतली आहे, त्यांसच या कामाची जात कळेल.

हे काम कसे करतात, ते थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. मैफलीचा गवई आपल्या गळ्यास सोईचा षड्ज धरतो. समूहाच्या नायकास बहुतेकांस सोसेल असा षड्ज शोधावा लागतो. पुरुषांस बरा तो बायकांस खाली जातो, बायकांस बरा तो पुरुषांस वर जातो. म्हणून चालच अशी निवडावी लागते की तिचा विस्तार लहान असावा, तिने तारसप्तकात वणवण करू नये. तान, मुरकी यांचा मोह टाकावा लागतो. ठेका सोपा, चरण लहान, आणि प्रत्येक चरणानंतर श्वासास जागा. नायकाने चरण म्हणावा, समूहाने तो परत म्हणावा. दोन-चार आवर्तनांत अजाणासही तो पाठ होतो. ज्यांचा आवाज मोठा त्यांस किंचित आवरावे लागते. ज्यांचा सूर ढळतो त्यांस दोन पक्क्या सुरांच्या मध्ये बसवावे लागते. हे शेवटले तर किती सोपे! आम्ही त्या मुलास मागच्या रांगेत न पाठविता दोन चांगल्या गळ्यांच्या मध्ये उभे केले असते, म्हणजे काम भागते. पण आमच्या मनात त्या वेळी प्रार्थना नव्हती, पाहुणे होते.

पंडितजींचे दुसरे मोठे काम म्हणजे 'आश्रम भजनावली'. संस्कृत श्लोक आणि हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांतील भजने त्यांनी एके ठिकाणी आणिली. तुकोबा आणि कबीर, मीराबाई आणि नरसी मेहता, सूरदास आणि रवींद्रनाथ या पुस्तकात एका पंक्तीस बसले. भजनाबरोबर रागाचे नावही दिले, म्हणजे कोठल्याही गावच्या मंडळीस ते योग्य अंगाने गाता यावे. विष्णुबुवांनी राजसभेतील विद्या वर्गात आणिली. त्यांच्या शिष्याने ती वर्गातून अंगणात नेली.

या पुस्तकाचा आमच्या खडकीच्या परिसराशी एक संबंध आहे, तो पुष्कळांस ठाऊक नाही. येथून होळकर पुलावरून मुळा ओलांडली की डेक्कन कॉलेजच्या पुढे येरवड्याचा तुरुंग लागतो. मे १९३० पासून जानेवारी १९३१ पर्यंत गांधीजी तेथे बंदिवान होते. मीराबेन जन्माने इंग्रज. पहाटे म्हणतात त्या श्लोकांचा व भजनांचा अर्थ त्यांस नीट कळावा, म्हणून गांधीजींनी त्या तुरुंगात बसून भजनावलीतील पद्यांचा इंग्रजी अनुवाद केला. पलीकडच्या तीरावर, आमच्या बाजूस, लष्करी छावणी. तेथे तुताऱ्या आणि बँड. आणि नदीच्या त्या काठी एका कोठडीत एक वृद्ध मनुष्य खरेपंडितांनी जमविलेल्या पदांचा अर्थ लावीत बसला आहे! संध्याकाळी पुलावर फिरावयास गेलो की हे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

त्या बंदिवासाचे कारण दांडीची यात्रा, आणि त्या यात्रेतही पंडितजी होते. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले. बरोबर निवडलेले अठ्ठ्याहत्तर लोक; त्यांत मिसरूड न फुटलेले तरुण होते, आणि स्वतः गांधीजी साठ वर्षांचे. चोवीस दिवसांत सुमारे दोनशे चाळीस मैल चालून ५ एप्रिलला सर्व दांडीस पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी मीठ उचलले गेले. निघताना नरसी मेहत्याचे वैष्णवजनाचे पद खरेपंडितांनी म्हटले. वाटेत रामधून, मुक्कामाच्या गावी सायंप्रार्थना. तेथे ऐकणाऱ्यांची संख्या शेकड्यांनी नव्हे, हजारांनी असे. अशा गर्दीस शस्त्राने दबवता येते, भाषणाने चेतवता येते. शांत राखणे मात्र फार कठीण. पण एक धून सर्वांच्या तोंडी दिली म्हणजे जो तो आपला श्वास दुसऱ्याच्या श्वासाशी जुळवू लागतो आणि गर्दी आपोआप सभा होते. गांधीजींस गवई हवा होता तो याचसाठी, असे आम्हांस वाटते.

येथे आम्हांस शार्ङ्गदेवाची आठवण होते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास, सिंघण राजाच्या काळी, तेराव्या शतकात या पंडिताने 'संगीतरत्नाकर' लिहिला. म्हणजे भारतीय संगीताचा हा आधारग्रंथ महाराष्ट्राच्या भूमीवर निर्माण झाला. आपल्याकडे गाणे म्हणजे एकट्याचे, समूहगायन ही गिरिजाघरांतून आलेली वस्तू, असे पुष्कळ सुशिक्षित म्हणतात. त्यांनी या ग्रंथातील वृंदाचे प्रकरण पाहावे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ त्यांस साथ देणारे समगायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले असावेत, असे तेथे मोजून सांगितले आहे. त्याहूनही अधिक माणसे जमली तर त्यास शार्ङ्गदेवाने नाव दिले आहे 'कोलाहल'! सामवेदाच्या गायनातही प्रस्तोता, उद्गाता आणि प्रतिहर्ता यांचे भाग निरनिराळे असून शेवटले निधन तिघांनी मिळून म्हणावयाचे असते. तेव्हा एकत्र गाणे आपणांस परके नाही.

त्याच ठिकाणी वृंदाचे सहा गुण दिले आहेत. मुख्य गायकाच्या मागून जाणे, एकमेकांत मिळणे, तालात व लयीत राहणे, तिन्ही स्थानांत आवाज पोहोचणे, आवाजाचे परस्परसाम्य, आणि सहावा गुण 'मिथस्त्रुटितनिर्वाह', म्हणजे एकाचे जेथे तुटेल तेथे दुसऱ्याने ते सांभाळून नेणे. आम्ही हे प्रकरण तारुण्यात वाचले होते. परीक्षेपुरते लक्षणही पाठ केले होते. पण या शब्दाचा अर्थ त्या गणपतीच्या आरतीपर्यंत आम्हांस कळला नव्हता. शास्त्रकाराने असे म्हटलेले नाही की, ज्याचे तुटेल त्यास वृंदातून काढावे. प्रत्येकाचे कोठे ना कोठे तुटणारच हे त्याने गृहीत धरले आहे. श्वास कोणाचाही अखंड नाही. वृंद अखंड वाटतो तो यामुळे की, एक जण श्वास घेत असता शेजारचा गात असतो.

खरेपंडितांनी हा सहावा गुण वीस वर्षे प्रत्यक्ष आचरिला. बत्तीस माणसांपुढे गेले की शास्त्र ज्यास कोलाहल म्हणते, त्या कोलाहलाचाच त्यांस वृंद करावयाचा होता. अहमदाबादेस राष्ट्रीय संगीत मंडळाच्या द्वारे शहरातल्या लोकांस गाणे शिकविण्याचा उद्योगही त्यांनी चालविला. त्यास लोकांचा आश्रय बेताचाच मिळाला, पण पंडितजींनी तो सोडला नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. त्याच्या संगीताच्या व्यवस्थेसाठी ते पुढे गेले, तेथेच आजारी पडले आणि अधिवेशन भरण्यापूर्वीच त्यांचा अंत झाला. ज्या हजारो कंठांची तयारी करावयास ते गेले होते, त्यांचे गाणे त्यांनी ऐकले नाही. मैफलीच्या गवयाचे नाव त्याच्या ध्वनिमुद्रिका राखतात. समूहाच्या नायकाचे नाव समूहाच्या आवाजात विरते. त्याचे काम जितके चांगले, तितका तो स्वतः कमी ऐकू येतो.

समूहगायनाचा एकच प्रकार आहे असे मात्र नव्हे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पाश्चात्त्य पद्धतीत स्त्रियांचे उच्च व नीच, पुरुषांचे उच्च व नीच असे आवाजांचे चार थर करून प्रत्येकास निराळी स्वरपंक्ती देतात आणि त्यांच्या मेळातून इमारत उभारतात. मुंबईस व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ साली या पद्धतीचा एक वृंद स्थापिला. १९६७ साली ते वारल्यावर कूमी वाडिया या पारशी बाईंनी त्याचे नेतृत्व हाती घेतले आणि तो लौकिकास चढविला. तेथे गळा पारखून घ्यावा लागतो आणि वर्षानुवर्षे तालीम करावी लागते, यात गैर काहीच नाही. ती कला आहे आणि कलेस निवड लागते. आमचे म्हणणे इतकेच की, शाळेची प्रार्थना, घरची आरती, सणासुदीची भजने ही निवडीची ठिकाणे नव्हेत. ती खरेपंडितांच्या प्रार्थनाभूमीच्या जातीची आहेत. दरवर्षी ज्येष्ठात तुकोबांची पालखी जुन्या मुंबई रस्त्याने दापोडीचा पूल ओलांडून पुण्याकडे जाते. त्या दिंडीत विणेकरी चरण उचलतो आणि मागून शंभर गळे येतात. कोणाचा घोगरा, कोणाचा चिरका. कोणी कोणास "ओठ हलव" म्हणत नाही, आणि तरी ते भजन ऐकून रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्याचे डोळे भरतात.

आमच्या वाचक-कुटुंबांपैकी बहुतेकांच्या घरी पूर्वी दिवेलागणीस परवचा आणि स्तोत्रे होत. आता ती जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे. जेथे आरती उरली आहे तेथेही पुष्कळदा यंत्रातून लावतात आणि घरची माणसे हात जोडून ऐकत उभी राहतात. यंत्राचा सूर चुकत नाही खरा. पण त्याने आपले सारे घरच नुसते ओठ हलविणारे केले आहे. आमची विनंती एवढीच की, आठवड्यातून एक संध्याकाळ ते यंत्र बंद ठेवावे. ज्यास थोडेफार गाता येते त्याने पुढे होऊन एक चरण म्हणावा आणि इतरांनी तो परत म्हणावा. आजीचा आवाज कापेल, नातवाचा फुटेल, कोणी मध्येच हसेल. तेथे दुसऱ्याने सांभाळून न्यावे.

नातीस आम्ही एक युक्ती सांगितली आहे. मैत्रिणीस बाईंनी मागच्या रांगेत पाठविले असेल तर बाईंची आज्ञा मोडावयाची नाही; पण बाईंपाशी जाऊन नम्रपणे म्हणावयाचे की, आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंस मागच्या रांगेत उभ्या राहतो, तिला आमच्यामध्ये गाऊ द्या. तिने तसे विचारले. बाईंनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला. स्पर्धेचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. तो काय लागतो याची आम्हांस फारशी उत्सुकता राहिलेली नाही.

आमच्याकडचे प्रायश्चित्त मात्र अजून उरलेले आहे. येत्या भाद्रपदात त्या विद्यार्थ्याच्या घरी आरतीस जावयाचे आम्ही ठरविले आहे. त्याच्या शेजारी उभे राहावयाचे, त्याच्या हातची झांज आपल्या हाती घ्यावयाची आणि त्यास सांगावयाचे, "तीस वर्षांपूर्वी चूक माझी झाली. आज तू म्हण. तुझे जेथे तुटेल तेथे मी आहे." आमचाही आवाज आता वयाने कापतो. तेव्हा सांभाळण्याचे काम बहुधा त्यासच करावे लागेल. असो.